विद्यापीठाचे मैदान आणि रग्बीतील कारकीर्द

प्रश्न : माझा धाकटा मुलगा यंदा बारावी झाला. शाळेत तो कबड्डी खेळत असे, पण गेली दोन वर्षे रग्बीने त्याला झपाटले आहे. परदेशात विद्यापीठांतून व्यावसायिक खेळाडू घडतात, असे तो सांगतो आणि मुंबईतील नव्या लीगचा दाखला देतो. त्याचे बाबा म्हणतात, आधी बी.कॉम. कर, खेळ फावल्या वेळात. मुलगा मात्र शिक्षण थांबवून बाहेरगावच्या एखाद्या क्लबकडे जायला निघाला आहे. आम्ही काय करावे? — एक आई, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : आपले चिरंजीव जे सांगतात ते खरे आहे, मात्र त्याच कारणासाठी त्यांनी शिक्षण सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

रग्बी युनियन, म्हणजे पंधरा-पंधरा खेळाडूंची रग्बी, हा खेळ 1995 च्या ऑगस्टपर्यंत अधिकृतपणे हौशी होता. खेळाडूला मानधन देण्यावरील बंदी त्या महिन्यात उठली आणि इंग्लंडमधील क्लबांनी शाळकरी वयातच मुले हेरून आपल्या अकादमीत घ्यायला सुरुवात केली. 1872 पासून ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांच्यात सामना होत आला असला, तरी आता विद्यापीठांच्या रग्बीचे दिवस सरले, असेच तेव्हा वाटले असावे. प्रत्यक्षात अडचण निघाली ती शरीराची. अठराव्या वर्षी करार न मिळालेला मुलगा बाविसाव्या वर्षी अगदी वेगळा खेळाडू असू शकतो, कारण स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही संघांचे आघाडीचे खेळाडू खांद्याला खांदा भिडवून एकमेकांना रेटतात तेव्हा, लागणारी मानेची आणि पाठीची ताकद यायला काही वर्षे जावी लागतात आणि ती वर्षे राखीव खेळाडूंच्या बाकावर नव्हे, तर दर आठवड्याच्या सामन्यात जावी लागतात. 2016 मध्ये ब्रिटनमधील विद्यापीठांसाठी ‘सुपर रग्बी’ ही वरच्या दर्जाची स्पर्धा सुरू झाली, तिने नेमकी हीच सोय केली. अॅलेक्स डॉम्ब्रांट कार्डिफ मेट्रोपॉलिटन विद्यापीठाकडून खेळता खेळता हार्लेक्विन्स क्लबमध्ये गेला आणि 2021 मध्ये इंग्लंडच्या संघात आला. दक्षिण आफ्रिकेत 2008 पासून ‘व्हर्सिटी कप’ चालतो. त्याचे सामने सोमवारी संध्याकाळी दूरचित्रवाणीवर दिसतात आणि व्यावसायिक संघांचे प्रशिक्षक ते आवर्जून पाहतात. एबेन एट्झेबेथ 2011 मध्ये केप टाउन विद्यापीठाकडून खेळत होता, पुढच्याच वर्षी तो देशाकडून खेळला आणि आज दक्षिण आफ्रिकेकडून सर्वाधिक कसोटी, म्हणजे आंतरराष्ट्रीय, सामने खेळलेला खेळाडू तोच आहे.

आपल्यासाठी मला जपानचे उदाहरण अधिक जवळचे वाटते. तेथील तेइक्यो, मेइजी, वासेदा या विद्यापीठांचे खेळाडू पदवीनंतर मोठ्या कंपन्यांच्या संघांत जातात. त्यांतील काही पूर्णवेळ व्यावसायिक असतात, तर काही त्याच कंपनीत नोकरी करून खेळतात. खेळ आणि पोटापाण्याची सोय एकाच ठिकाणी होते.

आता आपल्याकडचे चित्र पाहा. मुंबईत 2025 च्या जूनमध्ये झालेली रग्बी प्रीमियर लीग ही स्वागतार्ह घटना होती, यात शंका नाही. पण ती सात-सात खेळाडूंच्या प्रकारातली, सहा संघांची, 15 ते 29 जून अशी पंधरा दिवसांची स्पर्धा होती आणि प्रत्येक संघात मोजकेच भारतीय होते. तेवढ्या जागांवर वर्षभराचा संसार उभा राहत नाही. खरा आधार दुसरीकडे आहे. केंद्र सरकारने 2020 मध्ये क्रीडा कोट्यातील नोकरभरतीसाठीच्या खेळांची यादी 43 वरून 63 वर नेली, तेव्हा मल्लखांबाबरोबर रग्बीचाही तीत समावेश झाला. आणि त्या भरतीच्या पात्रतेत आंतरविद्यापीठ स्पर्धेत विद्यापीठाचे प्रतिनिधित्व करणे हा एक मान्य निकष आहे. शिक्षण सोडून क्लबकडे गेलेल्या मुलाला हे दार बंद होते. शिवाय आंतरविद्यापीठ स्पर्धांना वयोमर्यादा असते, त्यामुळे मध्येच गेलेली दोन-तीन वर्षे भरून निघत नाहीत.

म्हणून बाबांनी ‘फावल्या वेळात’ हा आग्रह सोडावा आणि मुलाने क्लबचा. आपल्या गावातच 1957 मध्ये स्थापन झालेली लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्था आहे आणि जिवाजी विद्यापीठही आहे. प्रवेशापूर्वी मुलाला घेऊन क्रीडा विभागात स्वतः जा. विद्यापीठाचा रग्बी संघ गेल्या वर्षी आंतरविद्यापीठ स्पर्धेला गेला होता का, हंगामात सामने किती होतात आणि सराव कोण घेतो, हे विचारा. सामने नसतील तर चकचकीत व्यायामशाळेवर भुलू नका. संस्थेचे नाव मोठे असले तरी माझा सल्ला हाच राहील. गरज पडल्यास दुसऱ्या गावच्या विद्यापीठाचा विचार करा.

एक गोष्ट प्रशिक्षकांशी मुद्दाम बोला. कबड्डीतून आलेली मुले सवयीने घोट्यावर झेपावतात. रग्बीच्या टॅकलमध्ये, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्याला पकडून पाडताना, आधी खांदा लागला पाहिजे आणि डोके समोरच्याच्या मांडीमागे, बाजूला राहिले पाहिजे. ते त्याच्या गुडघ्यांसमोर आले, तर मान आणि मेंदू दोन्ही धोक्यात येतात. डोक्याला मार लागल्याची नुसती शंका आली, तरी खेळाडूने त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरायचे नसते. जो प्रशिक्षक हा नियम पाळत नाही, त्याच्या हाती मुलगा सोपवू नये.

प्रश्न : माझी पुतणी महाविद्यालयात धावण्याच्या शर्यतींत पहिली येते. तिला रग्बी खेळायचे आहे. मुलींना यात काही वाव आहे का? — एक काका, मुरार

उत्तर : निश्चित आहे. सात जणींच्या प्रकारात सामना सात-सात मिनिटांच्या दोन डावांचा असतो आणि मैदान पंधरा जणींच्या खेळाएवढेच मोठे असते, त्यामुळे वेगवान धावपटूला फार मोठी संधी मिळते. भारताचा महिला संघ आशियाई स्पर्धांत खेळला आहे आणि भुवनेश्वरच्या संस्थांनी आदिवासी मुलींमधून उत्तम खेळाडू घडवल्या आहेत. 2025 ची लीग मात्र केवळ पुरुषांची होती, हे तिला आधीच सांगावे. क्रीडा कोट्याबद्दल वर लिहिलेले तिलाही लागू आहे, तेव्हा तिने धावणे चालू ठेवून याच हंगामात विद्यापीठाच्या निवड चाचणीसाठी नाव द्यावे.