पेपर छापून कुणाच्या घरातला धूर कमी झाला?

तुमचा प्रश्न असा आहे: "मी एम.टेक.ला विषय शोधतोय. विद्यापीठांत इंजिनिअरिंगपासून अर्थशास्त्रापर्यंत एवढं संशोधन चालतं, त्यातून लोकांचा एक तरी प्रश्न सुटलाय का, की सगळं बढतीसाठीच?"

बढतीसाठी बरंच असतं, ते नाकारत नाही. पण एक प्रश्न मी जवळून पाहिलाय, तेवढ्यावरच बोलतो. स्वयंपाकाची चूल.

1992 साली मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला माझा प्रकल्प सुधारित चुलीवर होता. तेव्हा केंद्र सरकारचा राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम जोरात होता. 1983च्या अखेरीस सुरू झालेला हा कार्यक्रम 2002मध्ये गुंडाळला गेला, आणि तोवर देशभर तीन कोटींहून जास्त चुली बसल्या. आज नवल वाटेल, पण त्यामागची मुख्य काळजी धुराची नव्हती. जंगलं तुटतायत, सरपण वाचवा, ही होती. त्यामुळे आम्ही मोजायचो ते एकच: लाकडातली किती उष्णता पातेल्यात जाते. पाणी उकळायचं, आधी लाकूड तोलायचं, नंतर उरलेला कोळसा तोलायचा. साध्या चुलीत यातलं फार थोडं हाती लागतं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत 'अस्त्र' गटाने केलेली चूल चाळीस टक्क्यांच्या घरात पोचली होती, आणि आम्ही पोरं त्या आकड्याकडे देवासारखं बघायचो.

मी एक चूल भोर तालुक्यात आत्याच्या घरी बसवली. तोंड अरुंद, शेजारी वैल, मागे धुराडं. दिवाळीनंतर गेलो तर तिने खुरप्याने तोंड चांगलं वीतभर मोठं केलेलं. मी कपाळाला हात लावला. ती म्हणाली, "मग भाकरी कुठं शेकू, तुझ्या टकुऱ्यावर?"

बरोबर होतं तिचं. भाकरी तव्यावर अर्धीच होते. मग आर पुढे ओढायचा, चुलीच्या तोंडाशी ती उभी करायची, तेव्हा कुठे पापुद्रा सुटतो. तोंड अरुंद असेल तर हे जमत नाही, आणि रुंद असेल तर हवा वाट्टेल तशी घुसून आमचं गणित मोडतं. शिवाय ती रोज सकाळी चुलीला पोतेरं फिरवायची. पातेलं आणि भिंत यांच्यात आम्ही मिलिमीटरमध्ये ठेवलेली फट महिनाभरात मातीने बुजून गेली होती. आम्ही पाणी उकळण्याची चाचणी घेतली होती. भाकरीची चाचणी आमच्याकडे नव्हतीच. (प्रकल्पाला मार्क चांगले मिळाले, हे प्रामाणिकपणे सांगून टाकतो.)

धुराकडे लक्ष गेलं ते वेगळ्या दारातून. कर्क स्मिथ या अमेरिकन संशोधकाने भारतीय सहकाऱ्यांसोबत गुजरातमधल्या चार गावांत रांधणाऱ्या बायकांच्या अंगावरच धूर मोजणारी यंत्रं लावली. तोवर प्रदूषण म्हणजे गिरण्यांची धुराडी आणि मोटारी. 1983 साली छापलेल्या त्या पेपरात सरासरी होती घनमीटरला जवळजवळ 7 मिलिग्रॅम धूलिकण. शहरातल्या हवेची बातमी आपण मायक्रोग्रॅममध्ये वाचतो, आणि 1 मिलिग्रॅम म्हणजे 1000 मायक्रोग्रॅम. एका पेपराने प्रश्नच बदलला: सरपणाचा होता, तो फुप्फुसांचा झाला.

मग डॉक्टर आले. ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागात पाचशेवर घरं घेऊन, चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना धुराड्याची चूल दिली. 2011मध्ये निकाल आला. लहान मुलांचा एकूण न्यूमोनिया खात्रीने कमी झाला असं म्हणता येईना. तीव्र न्यूमोनिया मात्र घटलेला दिसला. घरातला धूर बराच कमी होऊनही फायदा एवढाच.

माझ्या मते सगळ्यात उपयोगी दणका अर्थशास्त्रज्ञांनी दिला. रेमा हॅना, एस्थर दुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन यांनी ओडिशात सुमारे 2600 घरांवर चार वर्षं नजर ठेवली. पहिल्या वर्षी धूर कमी झाला. पुढे चुली तडकल्या, धुराडी तुंबली, डागडुजी कुणी केली नाही, आणि वापर घसरत गेला. शेवटी आरोग्यातही फरक नाही, जळणातही नाही. हे वाचताना मला आत्याचं खुरपं आठवलं. चांगली चूल असणं आणि ती रोज पेटणं यातलं अंतर आम्ही कधी मोजलंच नव्हतं. बांगलादेशातल्या आणखी एका अभ्यासात दिसलं की, नव्या चुलीची ओढ बायकांना जास्त होती, विशेषतः कमी धुराच्या चुलीची. पण खरेदीचा अधिकार त्यांच्या हातात नव्हता. हे कुठल्याही भट्टीच्या गणितात येत नाही.

कर्क स्मिथही उतारवयात म्हणू लागले की लाकडाची चूल स्वच्छ करत बसण्यापेक्षा गॅसच गरिबापर्यंत न्या. मे 2016मध्ये उज्ज्वला योजना आली, जोडणी घरातल्या बाईच्या नावावर. आठ कोटीवी जोडणी सप्टेंबर 2019मध्ये आपल्या औरंगाबादेतच दिली गेली. संशोधन धोरणात पोचल्याचं याहून मोठं उदाहरण मला तरी माहीत नाही. अर्थात त्यात राजकारणाचा वाटा मोठा होता. एकट्या पेपरांनी सिलिंडर गावात जात नसतो.

पण गोष्ट तिथेही मिटली नाही. भारत (तामिळनाडू), ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा इथल्या 3200 गरोदर बायकांवर पुढे मोठी चाचणी झाली. निम्म्यांना दीड वर्ष गॅस फुकट. त्यांच्या वाट्याचा धूर खूपच घटला, तरी बाळांच्या जन्मवजनात खात्रीचा फरक दिसला नाही. 2024च्या निकालात न्यूमोनियातही नाही. का? गॅस गरोदरपणात आला, तोवर उशीर झाला होता का? शेजारच्या चुलींचा धूर येतच होता का? वाद चालू आहे. म्हणून धूर निरुपद्रवी ठरतो का, तर नाही. एवढ्या अडचणीचा निकाल न दडवता छापला, हे मला उलट आश्वासक वाटतं.

आत्या आता नाही. मागच्या उन्हाळ्यात वहिनीकडे गेलो होतो. चहा आणि भाजी गॅसवर. भाकरीसाठी तिने बाजारातून चाळीस रुपयांची जाळी आणलीय. बर्नरवर ठेवली की भाकरी टम्म फुगते. ती जाळी कुठल्या प्रबंधातून आलेली नाही. आंघोळीच्या पाण्याला मात्र अंगणात तीन दगडांची चूल आहे आणि तिच्यात पाचट. त्या पाण्यासाठी सिलिंडर जाळणं तिला परवडत नाही. तुम्हाला विषय हवाच असेल तर तो तिथे अजून मोकळा पडलाय.