रेफरच्या चिठ्ठीपुढचा रकाना

प्रिय डॉक्टर,

अनेक आशीर्वाद. तालुका आरोग्य अधिकारी म्हणून रुजू झालीस, फार बरं वाटलं. व्यवस्था सुधारायची तर सुरुवात कुठून करू, असं तू विचारलंस. नव्या योजनेपासून करू नकोस. योजना आपल्याकडे पुष्कळ आहेत. पेशंट अडकतो तो एकाची हद्द संपून दुसऱ्याची सुरू होते तिथे.

ती हद्द आधी नीट समजून घे. १९६२ साली महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या आणि ग्रामीण आरोग्याची जबाबदारी त्यांच्याकडे गेली. म्हणून उपकेंद्रं आणि पीएचसी, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रं, डीएचओंकडे (जिल्हा आरोग्य अधिकारी), झेडपीच्या सीईओंच्या (मुख्य कार्यकारी अधिकारी) हाताखाली. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयं मात्र सिव्हिल सर्जनकडे (जिल्हा शल्यचिकित्सक), आणि त्यांच्या वर आरोग्य उपसंचालक. मेडिकल कॉलेजचं खातंच निराळं. विकेंद्रीकरण चुकलं असं मी म्हणत नाही. गावाजवळचं केंद्र गावाने निवडून दिलेल्यांच्या नजरेखाली असावं, हे मला आजही पटतं. पण या दोन साखळ्या जोडायचं काम कुणाच्याच कर्तव्यसूचीत ठळक लिहिलेलं नाही.

याचा अर्थ एखाद्या गरोदर बाईसाठी काय होतो ते बघ. सातवा महिना, हिमोग्लोबिन सहा, म्हणजे धोकादायक कमी. सिस्टरने ओळखलं, आशाताईने घरी जाऊन सासूची समजूत घातली, पीएचसीच्या मेडिकल ऑफिसरने रेफरची चिठ्ठी दिली, १०२ची गाडी तिला ग्रामीण रुग्णालयात सोडून आली. तिथे रक्ताची सोय नाही, म्हणून 'सिव्हिलला न्या'. नवऱ्याची मजुरी बुडत असते, तो तिला घरी घेऊन जातो. पीएचसीच्या रजिस्टरात 'रेफर केले' एवढा शेरा, आणि त्यापुढचा रकाना कोरा. महिन्याच्या अहवालात सगळं काम झालेलं दिसतं. कुणीही कामचुकारपणा केलेला नाही, तरी बाई उपचाराविना राहिली. मला सगळ्यात जास्त खुपतं ते हेच.

म्हणून पहिले तीन महिने तो कोरा रकाना हेच तुझं काम समज. जोखमीच्या प्रत्येक मातेची चिठ्ठी गेली की दोन दिवसांत आशाताईला फोन लाव: पोचली का, ॲडमिट झाली का, परत आली का. ग्रामीण रुग्णालयाच्या अधीक्षकांना तू आदेश देऊ शकत नाहीस, तेव्हा पत्रव्यवहारात न अडकता दर महिन्याला स्वतः जाऊन त्यांच्यासमोर बस. भूलतज्ज्ञ कोणत्या वारी असतात, रक्त कुठून येतं, हे ठरलेलं असलं की सिस्टर बाईला योग्य दिवशी योग्य दारात पाठवते. आणि बैठकीत आशाताईंना मागच्या रांगेत बसवू नकोस. २००५ मध्ये आशा योजना आली तेव्हापासून हे काम पगारावर नाही, कामागणिक मोबदल्यावर चालतं, आणि बाई घरी का परतली हे तालुक्यात त्यांनाच माहीत असतं.

औषधांबद्दल थोडंसं. तमिळनाडूने १९९४ साली औषधखरेदीचं महामंडळ काढलं आणि केंद्रांना पासबुकं दिली. ठरलेल्या रकमेच्या मर्यादेत जे लागेल ते जिल्ह्याच्या गोदामातून उचलायचं, अशी ती पद्धत. काय हवं हे केंद्र ठरवतं, म्हणून ती टिकली. आपल्याकडे खरेदी २०१७ मध्ये हाफकिन या सरकारी औषध महामंडळाकडे गेली, २०२३ मध्ये कायदा करून वेगळं प्राधिकरण आलं. खरेदी कुणी करायची यातच बराच काळ गेला, असं माझं स्पष्ट मत आहे. ते तुझ्या हातात नाही, पण इंडेंट, म्हणजे औषधांचं मागणीपत्र, आहे. गेल्या वर्षीचा कागद तारीख बदलून पाठवू देऊ नकोस. फार्मासिस्टला शेजारी बसवून स्टॉक बुक आणि कपाट दोन्ही तपास, खरा खप काढ आणि सर्पदंशावरचं प्रतिविष मृगापूर्वी प्रत्येक केंद्रात पोचव. पेरणीच्या दिवसांत ते मागवत बसायला वेळ नसतो.

तिमाही संपली की मला दोनच आकडे कळव: जोखमीच्या किती माता रेफर झाल्या आणि त्यांतल्या किती जणींना खरोखर उपचार मिळाले. दुसरा आकडा लाजिरवाणा निघेल, बहुतेक निघतोच. तो गोल करू नकोस. तसाच डीएचओंना दे, सिव्हिल सर्जनना दे, आणि दोघांना एका टेबलाशी बसवायची विनंती जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कर.

तुझे,
सर