बास माशाचा रॉड : दर्जा आणि टिकाऊपणा

प्रश्न : मी टेक्सासमध्ये डॅलसजवळ राहतो. लहानपणी कोकणात बांबूच्या काठीने मासे गरवले, एवढाच माझा अनुभव. गेल्या वर्षी लेक फोर्क या तलावावर बास पकडण्यासाठी घेतलेल्या ग्रॅफाइट रॉडचे टोक दुसऱ्याच महिन्यात, मासा होडीत उचलताना मोडले. आता दुकानदार ‘हाय मॉड्युलस’चा महाग रॉड सुचवतो आहे. तो अधिक टिकेल का? रॉडची पारख कशी करावी?
– एक वाचक

उत्तर : आपल्या रॉडमध्ये मूळचा दोष असेलही, पण पत्रातील वर्णनावरून मला आधी उचलण्याच्या पद्धतीचाच संशय येतो. मासा होडीलगत असताना रॉड उभ्या रेषेच्याही मागे नेला, तर सगळा बाक टोकाच्या काडीएवढ्या भागात गोळा होतो आणि मुठीजवळच्या जाड भागावर भार येतच नाही. अशा वेळी महागडा रॉडही मोडतो. बासला जाळीने घ्यावे किंवा अंगठा तोंडात घालून खालचा जबडा धरून उचलावे.

मॉड्युलस म्हणजे रॉड ज्या ग्रॅफाइटच्या (कार्बनच्या) तंतूंचा बनतो, त्यांचा ताठपणा. मजबुतीशी त्याची गल्लत करू नये. तंतू जितके ताठ, तितके ते कमी लागतात, त्यामुळे पोकळ काठीची भिंत पातळ होते, रॉड हलका होतो आणि माशाने आमिषाला लावलेले तोंड हाताला चटकन जाणवते. परंतु ठोका सोसण्याची ताकद कमी होते. फेकताना जड शिशाचा काठीला एकदा जरी टोला बसला, तरी वरून न दिसणारी इजा राहू शकते आणि पुढे एखाद्या किरकोळ माशावर रॉड फाडकन तुटू शकतो. शिवाय त्या तंतूंचे प्रमाण किती, हे जाहिरातीत क्वचितच असते, म्हणून दोन कंपन्यांच्या आकड्यांची तुलना व्यर्थ आहे. आपल्याला मध्यम मॉड्युलसच्या ग्रॅफाइटचा किंवा काचतंतू मिसळलेला, थोडा जड रॉड पुरेल, असे माझे मत आहे.

दुकानात सर्वांत जास्त वेळ रॉडवरच्या, दोरी ज्यांतून जाते त्या कड्यांवर घालवावा. प्रत्येक कडीच्या आतून कापसाची काडी फिरवावी. कापसाचा धागा अडकला, तर तिथे चीर आहे आणि तीच पुढे दोरी कापणार. डोळ्यांसमोर रॉड धरून सर्व कड्या एका रेषेत आहेत का, त्यांच्या पायांवरच्या लेपात बुडबुडे किंवा भेगा आहेत का, हे पाहावे. स्वतःचे रील (दोरी गुंडाळण्याची फिरकी) सोबत नेऊन बसवावे; घट्ट केल्यावरही ते डगमगत असेल, तर तो रॉड नको. मूठ बुचाची (कॉर्कची) असेल, तर तिच्यातील खड्डे बरेचदा पुटीने भरलेले असतात; ती भर पुढे उखडते. टोक हाताने वाकवून मात्र पाहू नये.

मुठीच्या वर दोरीची आणि आमिषाची मर्यादा छापलेली असते. 12 ते 20 पौंडांच्या रॉडवर 50 पौंडांची विणलेली दोरी चढवून रीलचा ब्रेक आवळला, तर दोरीआधी रॉड तुटेल. हमीपत्रही वाचावे, कारण बदली रॉड फुकट मिळाला तरी टपालखर्च बहुधा आपल्याच माथी येतो.

जुना रॉड टाकू नये. टोकाचे दोन-तीन इंचच गेले असतील, तर तुटलेली कड घासून नवी टोककडी बसवता येते. रॉड थोडा ताठ होईल, पण चालेल.