केंद्र सरकारने घरासारखं अंथरूण पाहून पाय पसरावेत का?

पसरावेत, पण अंथरूण नेमकं कुठे तोकडं पडतंय ते आधी बघा. 2025-26 च्या अर्थसंकल्पात केंद्राचा खर्च सुमारे 50.65 लाख कोटी, त्यात नुसतं व्याज 12.76 लाख कोटी. रुपयातले चार आणे तिथेच संपले!

कोथरूडला आमच्या सोसायटीत हाच वाद झाला. लिफ्ट बदलायला कर्ज काढू, यावर कुणाचीच हरकत नव्हती. पण वॉचमनचा पगार आणि टँकरचं बिलही त्यातूनच भागवू म्हटल्यावर खजिनदार काका उखडले. बरोबरच होतं त्यांचं. सरकारी भाषेत ही महसुली तूट, आणि माझ्या मते खरं दुखणं तेच. 2003 च्या वित्तीय उत्तरदायित्व कायद्याने ती शून्यावर आणायचं ठरवलं. 2018 मध्ये ते उद्दिष्टच वगळलं. (आपलं डाएट असंच असतं.)

बाकी तिजोरीत शिल्लक म्हणजे कारभार चांगला, असंही नाही. फर्ग्युसनच्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी 1902 च्या भाषणात शिलकी अंदाजपत्रकावरच झोड उठवली होती: लोक दुष्काळाने पिचलेले असताना मिठावर एवढा कर कशाला?