स्वस्त एअरब्रश चालेल, स्वस्त कॉम्प्रेसर नको

प्रश्न: तीन वर्षांपासून प्लास्टिकची स्केल मॉडेल्स बनवतो. बहुतेक दुसऱ्या महायुद्धातली विमानं, 1/72 आणि 1/48 मधली. वर्षाला चार पूर्ण होतात, कपाटात अकरा किट न उघडलेली आहेत. आतापर्यंत ब्रश आणि स्प्रे कॅनवर भागवलं. आता एअरब्रशसाठी, म्हणजे दाबाच्या हवेने रंगाचा बारीक फवारा मारणाऱ्या पेनासारख्या साधनासाठी, वर्षभर पैसे साठवलेत. रंग लॅकरचे (थिनरमध्ये पातळ होणारे, उग्र वासाचे) वापरायचा विचार आहे. विमानावरच्या दोन रंगांमधली धूसर कडा नीट जमावी अशी इच्छा आहे, आणि स्प्रे कॅनचा खर्च वाचून पैसे वसूल होतील असंही वाटतं. किमतींचे आकडे सोबत पाठवतोय. एकीकडे चार्जिंगवर चालणारा, हातात मावणारा स्वस्त सेट दिसतोय. दुसरीकडे अनुभवी मंडळी सांगतात, घ्यायचा तर नावाजलेल्या कंपनीचाच घे, कमी पडतील ते हप्त्यांवर भर. स्वस्तातला एअरब्रश घेणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं आहे का?

उत्तर: नाही. पण तुम्ही दाखवलेला तो चार्जिंगचा सेट मात्र घेऊ नका, आणि हप्त्यांवरही जाऊ नका. या दोन्हींच्या मधली एक वाट तुमच्या जमलेल्या पैशांत बसते.

हिशेब सोपा व्हावा म्हणून तुम्ही पाठवलेले आकडे मी एका मापात बसवले. तुम्ही नेहमी घेता त्या 1/48 च्या किटची किंमत म्हणजे एक माप. या मापाने तुमच्याकडे सहा किटांचे पैसे आहेत. साधा, स्वस्तातला डबल अ‍ॅक्शन एअरब्रश (एकाच ट्रिगरने हवा आणि रंग वेगवेगळे सोडता येणारा) साधारण एका किटाला पडतो. एअरब्रशला दाबाची हवा पुरवणारा टाकीवाला कॉम्प्रेसर तीन किटांना. नावाजलेल्या कंपनीचा एअरब्रश पाच किटांना. चार्जिंगवाला सेट, एअरब्रश आणि पंप मिळून, दीड किटाला, आणि तो सगळ्यात स्वस्त वाटतो तो इथेच.

या यादीत तुम्ही एक मोठा खर्च धरलेलाच नाही. मास्क, त्याची कार्ट्रिज (वाफ शोषणारी, बदलता येणारी डबी), थिनर, क्लीनर, एअरब्रश साफ करायची भांडी आणि ब्रश, रंगाचा धूर बाहेर टाकणारा पंखा किंवा छोटा बूथ. हे सगळं मिळून दीड किटाच्या खाली येत नाही. त्यातला मास्क मी अजिबात सोडू देणार नाही. तुम्ही लॅकर रंग वापरायचे म्हणता. लॅकर थिनरची वाफ कापडी किंवा धुळीच्या मास्कने अडत नाही, त्यासाठी सेंद्रिय वाफेसाठीची कार्ट्रिज असलेला रेस्पिरेटर लागतो. कार्ट्रिज पाकिटातून काढली की हवेतच हळूहळू संपत जाते, म्हणून काम झाल्यावर ती घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत ठेवायची. पाण्यावर पातळ होणारे अ‍ॅक्रिलिक रंग वापरलेत तरी उडालेले बारीक थेंब फुफ्फुसात जातातच. एअरब्रशच्या बजेटमधून पहिले पैसे याच खात्यावर बाजूला काढा.

आता बेरीज करा. स्वस्त एअरब्रश एक, कॉम्प्रेसर तीन, बाकीचं दीड. साडेपाच झाले, अर्धं किट शिल्लक. नावाजलेला एअरब्रश घेतलात तर पाच, तीन आणि दीड मिळून साडेनऊ. म्हणजे साडेतीन किटांचे पैसे उसने. विनाव्याज हप्ते म्हणून जे दाखवतात त्यात बहुतेकदा प्रक्रिया शुल्क असतं, किंवा रोखीने मिळाली असती ती सूट जाते. पण त्याहून मोठी अडचण मला वेगळी वाटते. छंदाच्या वस्तूचा हप्ता सुरू असला की महिन्याचा पगार येण्याआधीच त्याचा एक तुकडा गेलेला असतो. घरात अचानक खर्च निघाला की आधी ज्याला हात लावावासा वाटतो तो आणीबाणीचा निधी. छंदापायी त्या निधीला तडा गेलेली घरं मी पाहिली आहेत. त्या घरांत पुढे त्या छंदाचं नाव काढणंही अवघड होऊन बसतं. तुम्ही वर्षभर शिस्तीने पैसे साठवलेत, ती शिस्त शेवटच्या टप्प्यावर सोडू नका.

अनुभवी मंडळींचा मुद्दा असा असतो की महाग घेतलेलं दीर्घकाळात स्वस्त पडतं. तो मुद्दा मोजून बघू. एका विमानाला प्रायमर, पॅनेल रेषांवरची (पत्र्यांच्या जोडांवरची) गडद छटा, मूळ रंग, कॅमोफ्लाजचा दुसरा रंग, डिकलआधीचा (चिन्हांचे स्टिकर लावण्याआधीचा) ग्लॉस आणि शेवटचा मॅट, म्हणजे सहा बैठका धरा. वर्षाला चार विमानं, म्हणजे 24 बैठका. स्वस्त एअरब्रश दोन वर्षं टिकला तर 48 बैठका झाल्या, एका बैठकीला किटाचा अठ्ठेचाळिसावा भाग. पाच किटांचा एअरब्रश दहा वर्षं चालला तर 240 बैठका. पाच भागिले 240, पुन्हा तोच अठ्ठेचाळिसावा भाग. दोन्हींचा खर्च सारखाच आला. फरक एवढाच की महागाच्या बाबतीत दहा वर्षांचे पैसे पहिल्या दिवशी द्यावे लागतात, आणि दहा वर्षं तुम्ही याच वेगाने विमानं रंगवाल यावर तो सगळा हिशेब उभा आहे. तुम्ही रंगवालही. पण ज्याने अजून एकदाही ट्रिगर दाबलेला नाही त्याने दहा वर्षांचे पैसे आगाऊ भरावेत असं मी सांगणार नाही.

महाग एअरब्रशच्या बाजूचंही सांगायला हवं. इवाता, हार्डर अँड स्टीनबेक, मिस्टर हॉबीचे प्रोकॉन बॉय यांचे सुटे भाग सहसा मिळतात, आणि चांगल्या स्थितीत असतील तर विकताना बऱ्यापैकी किंमत येते. स्वस्त एअरब्रशला वापरल्यानंतर कोणी विचारत नाही. तेव्हा तो घेताना एक किटाचे पैसे पूर्ण खर्च झाले असंच धरा.

स्वस्तातल्या एअरब्रशची खरी खोट त्याच्या आराखड्यात कमी असते. बरेचसे जपानी नमुन्यांवरूनच बेतलेले असतात, 0.3 मिमी नोझल (रंग बाहेर पडतो ते टोक), त्यातून रंग सोडणारी-अडवणारी सुई, वर रंगाची वाटी, ट्रिगर दाबला की हवा आणि मागे ओढला की रंग. खोट असते ती सारखेपणात. एकाच मॉडेलचे दोन नग घेतले तर एक सुरेख चालतो आणि दुसऱ्याची सुई नोझलमध्ये नीट बसतच नाही. दुसरी खोट आतल्या रबरी ओ-रिंगांची. लॅकर थिनर आणि अ‍ॅसिटोनमध्ये साधं रबर फुगतं, मग ट्रिगर अडकायला लागतो आणि हवा गळते. पीटीएफईच्या (टेफ्लॉनच्या) रिंगा टाकल्या की हा त्रास बराच जातो, आणि त्या महाग नसतात. तुमचं शिल्लक अर्धं किट आहे ना, ते यासाठीच ठेवा: एक जादा नोझल, एक जादा सुई, आणि या रिंगा.

जादा नोझल का, ते माझ्यावर बेतलंय म्हणून सांगतो. माझा पहिला एअरब्रश स्वस्तातलाच होता. त्यातलं नोझल पेन्सिलीच्या टोकाएवढं, पितळी, बारीक आट्यांवर फिरवून बसवायचं. सोबत एक इवलासा पाना. एका रात्री साफसफाई झाल्यावर मी ते परत बसवलं, आणि हवा गळू नये म्हणून पाना आणखी थोडा फिरवला. हाताला काहीच जाणवलं नाही. नोझल पुढून सहज सुटून आलं आणि आटे आतच राहिले. अर्धा रंगवलेला स्पिटफायर, एका पंखावर हिरवा रंग झालेला आणि दुसरा नुसताच राखाडी, चार आठवडे टेबलावर तसाच पडून होता, कारण सुटं नोझल यायला तेवढे दिवस लागले. तेव्हापासून मी नोझल बोटांनीच बसवतो, पाना फक्त टेकवतो, आणि आट्यांना मधमाशांच्या मेणाचा हात लावतो. हवा गळत नाही आणि जोरही लावावा लागत नाही. हार्डर अँड स्टीनबेकच्या एअरब्रशमध्ये नोझलला आटेच नसतात, ते नुसतं दाबून बसतं. महाग वस्तूत नेमके कशाचे पैसे मोजतो ते अशा ठिकाणी कळतं.

पण तुमचे तीन किटांचे पैसे मी कॉम्प्रेसरवर घालायला सांगतोय, त्यामागचं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. खरेदीची यादी समोर ठेवा आणि प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारा: उद्या मी दुसरा एअरब्रश घेतला तर ही वस्तू त्याच्यासोबत वापरता येईल का? कॉम्प्रेसर येईल. दाब कमी-जास्त करणारा रेग्युलेटर, ओलावा धरणारा मॉइश्चर ट्रॅप, नळी, मास्क, बूथ, सगळं येईल. तुमच्या बोटांना आलेलं वळणही येईल. फक्त एअरब्रश बदलेल. म्हणजे साडेपाच किटांच्या खरेदीतले साडेचार किटांचे पैसे पुढेही कामाला येणार आणि एकाचेच जाणार. चार्जिंगच्या सेटला हाच प्रश्न विचारा. त्याचा पंप एवढासा, टाकी नाही, बऱ्याच सेटमध्ये दाब हवा तसा कमी-जास्त करता येत नाही, आणि बॅटरी थकली की सगळंच थकतं. उद्या चांगला एअरब्रश घेतलात तर त्यातलं जवळपास काहीच उपयोगी पडणार नाही. दीड किटांचा तो सेट म्हणूनच मला महाग वाटतो.

टाकी का हवी? टाकी नसली की पंपाचा प्रत्येक ठोका नळीतून पुढे येतो आणि बारीक रेषेत उमटतो. मोटर सतत चालते, तापते, आणि तापलेली हवा नळीत गार होताना पाणी सोडते. दमट दिवशी ते पाणी नेमकं पंखाच्या मधोमध थुंकल्यासारखं पडतं. तीन लिटरची टाकी असली तरी दाब स्थिर राहतो, मोटर टाकी भरून आपोआप थांबते, शेजारच्या खोलीतली झोपही मोडत नाही. पातळ केलेल्या रंगाला 15 ते 20 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) पुरतात. बारीक ठिपक्यांसाठी त्याहूनही खाली यावं लागतं, आणि तिथे चांगला रेग्युलेटर स्वस्त एअरब्रशलाही सांभाळून घेतो. मी तर म्हणेन, चांगल्या हवेवर चालणारा साधा एअरब्रश वाईट हवेवर चालणाऱ्या उंची एअरब्रशपेक्षा बरं काम देतो. नळीचे आटे मात्र आधी तपासा. बऱ्याच एअरब्रशना 1/8 बीएसपी मापाचे लागतात, पण बॅजर आणि पाशे या कंपन्यांचे आटे वेगळे असतात, त्यांना अडॅप्टर लागतो.

स्प्रे कॅनचा खर्च वाचेल आणि त्यातून पैसे वसूल होतील असं तुम्ही लिहिलंय. हे गणित धरू नका. कॅनपेक्षा रंग नक्कीच कमी लागतो, पण जे वाचतं ते थिनर आणि क्लीनर घेऊन जातात. एअरब्रश पैसे वाचवण्यासाठी घ्यायचा नसतो. 1/72 मध्ये मॉडेलवरचा एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या विमानावरचे 72 मिलिमीटर. दोन रंगांच्या सीमेवरची ती धूसर कडा इतक्या लहान मापात ब्रशने उतरवणं फार कठीण, आणि कॅनचा फवारा त्यासाठी फारच रुंद. ती कडा तुम्हाला हवी आहे, तीन वर्षं तुम्ही तिच्यासाठी धडपडताय, तेवढं कारण मला पुरेसं वाटतं. आनंदावर केलेला खर्च वसुलीच्या नावाखाली लपवायची गरज नाही. घरच्यांनाही तसंच मोकळेपणाने सांगा.

एक अट मात्र घालतो. कपाटातली अकरा किट तुमच्या वेगाने पावणेतीन वर्षांचं काम आहे. पुढचं वर्षभर नवं किट घेऊ नका. तेच पैसे वेगळ्या डब्यात टाका. 48 बैठका झाल्या की स्वस्त एअरब्रश तुम्हाला कुठे अडवतोय ते नेमकं कळलेलं असेल. बारीक रेषेत अडत असेल तर 0.2 मिमीचा चांगला घ्या. प्रायमर आणि वार्निशलाच वेळ जात असेल तर 0.5 मिमी नोझलचा बॅजर पॅट्रियट 105 सारखा मजबूत घ्या. काहीच अडत नसेल तर डब्यातले पैसे डब्यातच राहू द्या.

एअरब्रश घरी आला की रंग भरायच्या आधी, परत करायची मुदत चालू असतानाच, तो पूर्ण खोला. सुई काढून काचेवर लोळवा, टोक वाकलेलं असेल तर ते काचेवरून उचललं जाताना दिसेल. नोझलचं तोंड भिंगातून बघा, गोल आहे ना, चीर नाही ना. मग पुन्हा जोडा, वाटीत साधं पाणी घाला, हवा सुरू करा. वाटीत बुडबुडे आले तर हवा मागे शिरतेय, म्हणजे नोझल नीट बसलं नाही किंवा फुटलंय. सगळ्या सांध्यांवर साबणाचं पाणी लावा, फेस येईल तिथे गळती. एकदा नीट बसवूनही बुडबुडे थांबले नाहीत तर दुरुस्तीच्या भानगडीत पडू नका, त्याच दिवशी तो परत पाठवा आणि दुसरा नग मागवा.