पॉलिसीत २६ आठवडे, हातात किती? बाळंतपणाच्या सुविधांच्या सर्वेक्षणाबद्दल वाचकांचे प्रश्न

औद्योगिक वसाहतींमधल्या एचआर मंडळींची या विषयावर बरीच पत्रं आली. सारख्या आशयाची एकत्र करून उत्तरं दिली आहेत. एक पत्र टेबलाच्या पलीकडून, म्हणजे कर्मचारी स्त्रीकडून आलेलं आहे.

प्रश्न (एचआर व्यवस्थापक, चाकण) : आमच्या भागातल्या वीस कंपन्यांनी मिळून गोपनीय सर्वेक्षण करायचं ठरवलंय. प्रसूती रजा, विमा, वंध्यत्वावरचे उपचार, पाळणाघर यांत कोण काय देतं ते कळावं म्हणून. पहिल्या खर्ड्यातच ४८ प्रश्न झाले आणि सगळ्यांची उत्तरं 'हो' येणार हे आत्ताच दिसतंय. काय चुकतंय?

उत्तर : 'आहे का?' असं विचारलं की उत्तर 'आहे' असंच येतं. त्याआधीची चूक मात्र मोठी आहे. कायद्याने द्यावंच लागतं ते तुम्ही सुविधा म्हणून मोजताय.

आधी शून्याची रेघ, म्हणजे कायद्याने द्यावंच लागतं ते, आखून घ्या. प्रसूती रजेचा मूळ कायदा १९६१ चा, २०१७ च्या दुरुस्तीने रजा १२ आठवड्यांवरून २६ झाली, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून हीच कलमं सामाजिक सुरक्षा संहितेतून लागू आहेत. संभाव्य प्रसूतीच्या आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असलं की पहिल्या दोन मुलांपर्यंत २६ आठवडे भरपगारी, त्यातले जास्तीत जास्त ८ प्रसूतीपूर्वी. दोन मुलं हयात असताना पुढच्या बाळंतपणाला १२ आठवडे. मूल दत्तक घेणाऱ्या आईला १२. आपोआप झालेला किंवा कायदेशीर रीतीने केलेला गर्भपात असेल तर ६ आठवडे, कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेला २ आठवडे, गरोदरपणातून उद्भवलेल्या आजाराला आणखी एक महिना. मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा स्तनपानासाठी सुट्टी. बाळंतपणाआधीची व नंतरची वैद्यकीय सेवा कंपनी फुकट देत नसेल तर ३,५०० रुपये मेडिकल बोनस. तो 'आमची विमा पॉलिसी आहे ना' म्हणून कित्येक ठिकाणी दिलाच जात नाही. पॉलिसीत ओपीडी तपासण्या धरलेल्या नसतील तर हा युक्तिवाद टिकत नाही.

हे सगळं प्रश्नावलीच्या पहिल्या पानावर छापा आणि त्याखाली एकच सूचना द्या : यापलीकडे जे देता तेवढंच लिहा. तुमचे ४८ प्रश्न तिशीवर येतील.

दुसरं, उत्तरं गटवार घ्या. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या स्त्रिया ईएसआयमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत, येतात. त्यांचे २६ आठवड्यांचे पैसे महामंडळ देतं, कंपनी नव्हे. तरीही फॉर्मवर 'आम्ही पूर्ण पगार देतो' असं येतं. शिवाय तिथे पात्रता हजेरीच्या ८० दिवसांवर ठरत नाही, ती ७० दिवसांच्या वर्गणीवर ठरते. त्यामुळे नवीन लागलेली बाई मधल्या फटीत सापडते. अशा वेळी कंपनी काय करते, हा खरा तुलनेचा प्रश्न. म्हणून चार रकाने करा : ईएसआयमधल्या कायम, ईएसआयबाहेरच्या कायम, कंत्राटी, आणि ट्रेनी. कंत्राटी रकाना बहुतेक फॉर्मवर रिकामाच येतो. तो रिकामा आलाय हेही अहवालात लिहा.

एकक एकच ठेवा. कोणी '६ महिने' लिहितं, कोणी '१८० दिवस', कोणी '२६ आठवडे'. २६ आठवडे म्हणजे १८२ दिवस. सगळं आठवड्यांतच मागा.

सरासरीच्या नादी लागू नका. आठ कंपन्यांची रजा २६, २६, २६, २६, २६, २८, ३०, ५२ आठवडे धरा. सरासरी ३० येते. अहवालात '३०' छापून आलं की पाच कंपन्यांना आपण मागे आहोत असं वाटतं, प्रत्यक्षात त्या बहुमतात आहेत. मीडियन, म्हणजे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, २६ आहे. तो छापा आणि सोबत 'आठपैकी तिघी कायद्याच्या पुढे' एवढं लिहा.

शेवटचं, आणि आमच्या मते सगळ्यात मोलाचं : रजेनंतर टिकण्याचं प्रमाण. १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५ या काळात ज्यांची रजा संपली त्या स्त्रिया मोजा. त्यातल्या किती कामावर परत आल्या, आणि परतीच्या तारखेपासून बारा महिन्यांनी किती मस्टरवर होत्या? १४ जणींपैकी १३ परत आल्या तर ९३ टक्के, फार छान. पण वर्षाने ९ च उरल्या असतील तर ६४ टक्के. कंपन्या पहिला आकडा सांगतात. तुम्ही दुसरा मागा. राजीनामा कितव्या महिन्यात आला तेही विचारा. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात गळती असेल तर बहुधा पाळणाघर किंवा शिफ्टचा घोळ असतो. अप्रेझलनंतर लगेच असेल तर रजेच्या वर्षातलं रेटिंग पाहा. 'वर्षातले सहा महिने नव्हती' म्हणून खालचं रेटिंग देण्याची सवय अजून गेलेली नाही.

प्रश्न (त्याच गटातल्या दुसऱ्या कंपनीकडून) : गोपनीयता पाळू, असं सगळ्यांनी लेखी दिलंय. एवढं पुरे का?

उत्तर : नाही. कागदावर सही केली म्हणून आकडे गप्प बसत नाहीत.

तुमच्याच वीस कंपन्या घ्या. समजा सोळा वाहनांचे सुटे भाग बनवतात, चार इतर धंद्यांतल्या. अहवालात दोन निरुपद्रवी वाक्यं येतात : 'वीसपैकी नऊ कंपन्यांत पाळणाघर आहे' आणि 'सुट्या भागांच्या सोळांपैकी नऊ कंपन्यांत पाळणाघर आहे'. नावं कुठेच नाहीत. पण वजाबाकी केली की उरलेल्या चारही कंपन्यांत पाळणाघर नाही हे उघड होतं, आणि त्या चार कोणत्या हे वसाहतीतल्या चहावाल्यालाही माहीत असतं. त्यांच्याकडे ५० किंवा अधिक कर्मचारी असतील (तेव्हा पाळणाघर बंधनकारक आहे) तर तुम्ही त्यांचा कायदाभंग छापलात. पुढच्या वर्षी त्या एकतर भाग घेणार नाहीत किंवा खोटं लिहितील. म्हणून एखाद्या गटाचा आकडा लपवायचा तर त्याच्यासोबत वजाबाकीने तो उघडा करणारा दुसरा आकडाही लपवावा लागतो. कायद्याच्या पालनाचे प्रश्न वेगळ्या विभागात ठेवा आणि त्यांचे फक्त एकूण आकडे द्या.

पगाराच्या सर्वेक्षणांत अमेरिकेतून आलेला एक जुना ठोकताळा आहे : छापलेल्या प्रत्येक आकड्यामागे किमान पाच कंपन्या, कोणा एकीचा वाटा २५ टक्क्यांहून जास्त नको, माहिती किमान तीन महिने जुनी, आणि गोळा करणारा त्रयस्थ. तो पाळणाऱ्यांना स्पर्धा कायद्याच्या कारवाईपासून मिळणारं कवच तिथल्या न्याय विभागाने २०२३ मध्ये काढून घेतलं, तरी हिशेबाला तो चांगला आहे. २५ टक्क्यांकडे विशेष लक्ष द्या. गटात ३,००० स्त्रिया असतील आणि एकाच कंपनीत १,८००, तर 'गटाचं टिकण्याचं प्रमाण' म्हणजे जवळजवळ त्या कंपनीचंच प्रमाण.

वंध्यत्व उपचार आणि गर्भपात यांचे क्लेम संख्येने मागूच नका. तीस स्त्रियांच्या कंपनीत 'आयव्हीएफ : १' म्हणजे त्या बाईचं नावच झालं. सुविधा आहे का, वार्षिक मर्यादा किती, किती सायकलपर्यंत, जोडीदाराच्या तपासण्या धरतात का, एवढंच विचारा. वापराचे आकडे हवेच असतील तर ते सगळ्या कंपन्यांचे मिळून, तीन वर्षांचे एकत्र.

कामाची पद्धत अशी ठेवा. माहिती एखाद्या सीए फर्मकडे किंवा महाविद्यालयाच्या संख्याशास्त्र विभागाकडे जाऊ द्या, गटातल्या कुठल्याही एचआरकडे नको. प्रत्येक कंपनीला कोड नंबर द्या. कोड आणि नावाची यादी उत्तरांपासून वेगळी, दुसऱ्या व्यक्तीच्या ताब्यात ठेवा आणि शंकानिरसन संपलं की नष्ट करा. एक्सेल फाइल मेलने मागवू नका. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये बनवणाऱ्याचं नाव असतं, लपवलेल्या शीटवर कधी कधी आख्खी कर्मचारी यादी असते. वेब फॉर्म बरा. 'अन्य काही सांगायचंय?' या मोकळ्या चौकटीतली वाक्यं जशीच्या तशी छापू नका, भाषेवरून माणूस ओळखू येतो. आणि 'पुढच्या वर्षी काय देणार?' हा प्रश्न काढून टाका. संपलेल्या आर्थिक वर्षाचीच माहिती घ्या. अहवालाच्या बैठकीत 'कोणीच अमुकच्या वर जायचं नाही' असं ठरलं, तर ते सर्वेक्षण राहत नाही. ते स्पर्धा कायद्याच्या, २००२ च्या, वाटेला जाणं होतं.

प्रश्न (कर्मचारी, खराडी) : कंपनीकडून लिंक आली. गर्भपात झाला होता का, मूल होण्यासाठी उपचार घेता का, असं विचारलंय. 'गोपनीय' लिहिलंय. भरू का?

उत्तर : असे प्रश्न रिकामे सोडण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. सुविधांची तुलना करायला कोणाचाही वैद्यकीय इतिहास लागत नाही. 'अशी सुविधा असती तर वापरली असती का?' एवढ्यावर काम भागतं.

भरण्याआधी तीन गोष्टी पाहा. शेजारणीला आलेली लिंक तुमच्यासारखीच आहे का? शेवटची अक्षरं वेगळी असतील तर ती तुमच्या नावाला जोडलेली असू शकते. विभाग, वयोगट, रुजू झाल्याचं वर्ष आणि मुलांची संख्या हे सगळं एकत्र मागितलंय का? या चार उत्तरांत मोठ्या ऑफिसातलीही बाई एकटी उरते. आणि किती जणांपेक्षा लहान गटाचे आकडे दाखवणार नाही, हे लिहिलंय का? नसेल तर एचआरला मेलवर विचारा. लेखी उत्तर आलं नाही तर तेही एक उत्तरच.

प्रश्न (अंबड, नाशिक) : आमच्या ग्रुप पॉलिसीत (कंपनीच्या सामूहिक आरोग्य विम्यात) मॅटर्निटी, म्हणजे बाळंतपणाच्या खर्चाची मर्यादा, ५०,००० आहे. इतरांच्या तुलनेत कमी की बरी?

उत्तर : नुसत्या मर्यादेवरून सांगता येत नाही. सर्वेक्षणात या गोष्टी मागा : नॉर्मल आणि सिझेरियनची मर्यादा वेगळी आहे का, नऊ महिन्यांचा वेटिंग पीरियड माफ आहे का, बाळ पहिल्या दिवसापासून पॉलिसीत येतं की नव्वदाव्या, आणि एनआयसीयूचा (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाचा) खर्च आईच्या ५०,००० मधून जातो की फॅमिली फ्लोटरमधून, म्हणजे सगळ्या कुटुंबाच्या सामायिक विमा रकमेतून. शेवटच्या मुद्द्यावर सगळं घोडं अडतं. दिवस भरण्याआधी जन्मलेलं बाळ पंधरा दिवस एनआयसीयूत राहिलं की ५०,००० कुठल्या कुठे जातात.

गर्भपाताचं पाहायला विसरू नका. विमा नियामकाच्या प्रमाणित अपवादांत (ज्यांचा खर्च विमा देत नाही त्या गोष्टींच्या यादीत) अठराव्या क्रमांकाला बाळंतपण आहे आणि त्यातच अपघाताशिवाय झालेला गर्भपात व कायदेशीर गर्भपातही. गर्भाशयाबाहेरची गर्भधारणा तेवढी या अपवादातून वगळलेली आहे. ग्रुप पॉलिसीत 'मॅटर्निटी कव्हर्ड' लिहिलं म्हणजे या अपवादाचा नेमका कोणता भाग उठवला, ते एंडॉर्समेंटमध्ये, म्हणजे पॉलिसीला जोडलेल्या बदलांच्या कागदात, वाचावं लागतं. सतरावा अपवाद वंध्यत्वाचा. तो वेगळा उठवावा लागतो.

सगळ्यात उपयोगी आकडा टीपीएकडे, म्हणजे विमा कंपनीसाठी क्लेम हाताळणाऱ्या संस्थेकडे, मिळतो : बाळंतपणाच्या क्लेममध्ये हॉस्पिटलचं एकूण बिल किती आणि त्यातलं मंजूर किती. नावं काढून वर्षाची बेरीज मागा. शंभर रुपयांतले किती रुपये घरून गेले, ही तुलना मर्यादेपेक्षा खरी.

प्रश्न (वाळूज) : 'पाळणाघर आहे' आणि 'नाही' यांपलीकडे काय विचारायचं?

उत्तर : किती मुलं रोज येतात, ते. शून्य असेल तर कारण शोधा. ५० किंवा अधिक कर्मचारी असले की पाळणाघर बंधनकारक आणि आईला दिवसातून चार भेटींची मुभा. पण पाळणाघर गेटपासून दोन किलोमीटरवर असेल तर चार भेटी म्हणजे कागदी घोडे. वेळ विचारा : दुसरी शिफ्ट रात्री संपत असेल आणि पाळणाघर सहाला बंद होत असेल, तर त्या शिफ्टच्या बायकांना ते नाहीच. फी कोण भरतं, आणि वडिलांनाही मूल ठेवता येतं का, हेही विचारा.

हिरकणी कक्षाबद्दल, म्हणजे स्तनपानाच्या खोलीबद्दल, चारच गोष्टी : आतून कडी, हात धुवायला बेसिन, दूध ठेवायला फ्रिज, आणि किल्ली कोणाकडे. किल्ली सिक्युरिटीकडे मागावी लागत असेल तर तो कक्ष वापरात नाही असं समजा.

प्रश्न (वेर्णा, गोवा) : आमचे २२ कर्मचारी, त्यात ४ स्त्रिया. अशा सर्वेक्षणात आम्हाला काय मिळणार?

उत्तर : मोठ्यांच्या आकड्यांशी ताडून काही नाही. पाळणाघराची सक्ती तुम्हाला लागू नाही. २६ आठवड्यांच्या पगाराचा भार मात्र ईएसआयबाहेरच्या कर्मचारीमागे पूर्ण तुमच्यावर. वसाहतीतल्या ५० च्या आतल्या किमान पाच-सहा कंपन्या मिळाल्या तर वेगळा गट करून मागा, नाहीतर भाग घेऊ नका, तुमची उत्तरं झाकता येणार नाहीत. विचारायचंही वेगळं : बदली माणूस किती आठवडे आधी घेतला, परतल्यावर अर्धवेळ काम किंवा घरून काम किती दिवस दिलं, दोन-तीन कंपन्यांनी मिळून पाळणाघराची जागा घेतलीय का. वडिलांची रजाही विचारा. खासगी क्षेत्राला त्याचा कायदा नाही, केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना १५ दिवस मिळतात, आणि लहान कंपनीला परवडेल अशी सुविधा शोधायची तर पहिली हीच आहे.