सोमाली बायकांमध्येही गोरेपणाचं वेड असतं का?
हो, असतं. सगळ्याच सावळ्या, मग भेद कसला? आपल्याकडचं 'सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस' आठवा, लगेच उलगडेल. तिथे रंगाइतकेच केसही बघतात. घट्ट कुरळ्या केसांच्या बांटू सोमालींना, म्हणजे तिथल्या एका अल्पसंख्य समाजाला, 'जरेर' म्हणून हिणवतात. चेहऱ्याला हळद किंवा कसिल, म्हणजे बोरीच्या जातीतल्या गोब झाडाच्या पाल्याची पूड, लावायची पद्धत जुनी. त्यात वावगं काही नाही. घोळ आहे गोरं करणाऱ्या क्रीमचा. अमेरिकेत मिनेसोटात सोमाली वस्ती मोठी. तिथल्या आरोग्य खात्याने २०११ मध्ये अशी २७ उत्पादनं तपासली, तर ११ मध्ये पारा! अमिरा अदावे या सोमाली-अमेरिकन बाई तिथे याविरुद्ध काम करतात. पारा मूत्रपिंडाला बाधतो, आणि आईच्या हातावरून बाळाच्याही अंगात जातो.